अमेरिकी गृहतपासणीतील चालू वीज-पॅनेलचा प्रश्न: एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेत वापरलेले घर विकत घेणारा ग्राहक व्यवहार पक्का होण्यापूर्वी बहुधा एका स्वतंत्र तपासनिसाकडून त्या घराची पाहणी करून घेतो. छप्पर, पाया, नळजोडणी, घर तापवण्याची यंत्रणा आणि वीजव्यवस्था यांची अवस्था पाहून तपासनीस लेखी अहवाल देतो, आणि त्या अहवालाच्या आधारे ग्राहक किमतीत सूट मागतो, दुरुस्ती करून मागतो किंवा व्यवहारातून अंग काढून घेतो. न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हाती पडतो तो हाच अहवाल. 'गृहतपासणी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कामात तोडफोड करायची नसते, सारा भर डोळ्यांनी पाहण्यावर असतो. जिवावर बेतू शकतील असे प्रसंग त्यात मोजकेच येतात: छपरावर चढणे, घराखालच्या अरुंद पोकळीत शिरणे, आणि वीज-पॅनेलचे झाकण काढणे. यांपैकी शेवटच्या प्रसंगावरून व्यवसायात दीर्घकाळ मतभेद आहेत आणि ते अजून मिटलेले नाहीत.

हे पॅनेल म्हणजे महाराष्ट्रातील घरांत ज्याला डीबी म्हणतात त्याचे मोठे रूप होय. मीटरकडून आलेल्या मुख्य तारा त्यात प्रथम मुख्य ब्रेकरला मिळतात, तेथून वीज धातूच्या जाड पट्ट्यांवर म्हणजे बसबारवर येते, आणि बसबारवर बसवलेल्या लहान ब्रेकरांतून ती घरातील निरनिराळ्या शाखांकडे जाते. पॅनेलला आवरणे दोन असतात. पहिले साधे दार, जे घरातील कोणीही ब्रेकर चालू-बंद करण्यासाठी उघडतो. दुसरे त्यामागे स्क्रूंनी कसलेले धातूचे झाकण, ज्याला 'डेड फ्रंट' म्हणतात आणि ज्यातून ब्रेकरांच्या फक्त मुठी बाहेर दिसतात. वाद आहे तो या दुसऱ्या झाकणाचा. ते काढले की तारा, बसबार आणि तारा कसण्याची टोके म्हणजे 'लग' उघडे पडतात, आणि मुख्य ब्रेकर बंद केला तरी त्याच्या मीटरकडील बाजूचे लग जिवंतच राहतात, कारण त्यांचा पुरवठा तोडायचा तर वीज कंपनीला मीटरपाशी यावे लागते. ज्या घरात मुख्य ब्रेकर पॅनेलमध्येच आहे, तेथे 'आधी वीज बंद करा, मग उघडा' हा सर्वमान्य नियम अशा रीतीने अर्धाच पाळता येतो, आणि वादाचे मूळ या अर्धवटपणात आहे.

पार्श्वभूमी: दोन समांतर प्रवाह

गृहतपासणीला व्यवसायाचे रूप आले ते १९७० च्या दशकात. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स, म्हणजे 'ॲशी' ही संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली आणि तपासनिसाने काय पाहावे याचे प्रमाण तिने घालून दिले. पुढे १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर या खटल्यात अपील न्यायालयाने असे ठरवले की घरविक्रीतील दलालाने घराची वाजवी पाहणी करून त्यातील दोष खरेदीदाराला सांगितले पाहिजेत. परिणामी दलालांनाच आपली जबाबदारी वाटून घेणारा तपासनीस हवासा वाटू लागला आणि व्यवसायाला मोठी चालना मिळाली. १९९० मध्ये दुसरी मोठी संघटना उभी राहिली, जी आज 'इंटरनाची' या नावाने ओळखली जाते. यथावकाश अनेक राज्यांनी तपासनिसांसाठी परवाना आणला आणि कामाचे प्रमाण कायद्याच्या कक्षेत आणले. या साऱ्या घडामोडींच्या केंद्रस्थानी खरेदीदार होता, त्याला पुरेशी माहिती मिळते की नाही हा प्रश्न होता. तपासनिसाचा स्वतःचा जीव हा विषय त्यात कडेलाच राहिला.

त्याच काळात कामगारांच्या विद्युत सुरक्षेचा विचार वेगळ्या वाटेने चालला होता. १९७० च्या कायद्याने 'ओशा' हे कामगार-सुरक्षेचे केंद्रीय प्रशासन निर्माण झाले. त्याच्या गरजेतून नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने कामाच्या ठिकाणच्या विद्युत सुरक्षेचे '७०-ई' हे प्रमाण तयार केले, ज्याची पहिली आवृत्ती १९७९ मध्ये निघाली. १९८२ मध्ये राल्फ ली या अभियंत्याने एका निबंधात दाखवून दिले की विजेचा धक्का हा विजेचा एकच धोका नव्हे, हवेतून उसळणाऱ्या विद्युत ज्वाळेने होणारी भाजणी हा दुसरा आणि तितकाच भीषण धोका आहे. १९९० मध्ये ओशाने विजेजवळ काम करण्याच्या पद्धतींविषयी नियम केले आणि ५० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाचे भाग, काही अपवाद वगळता, बंद केल्याशिवाय कर्मचाऱ्याने त्यांवर किंवा त्यांच्याजवळ काम करू नये असे सांगितले. हा दुसरा प्रवाह कारखाने, उपकेंद्रे आणि मोठ्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून वाहत होता. गृहतपासनिसाचा विचार पहिल्याने केला तो माहिती पुरवणारा म्हणून आणि दुसऱ्याने जवळजवळ केलाच नाही, त्यामुळे आजच्या वादात दोन्ही पक्ष वेगवेगळ्या ग्रंथांचा आधार घेतात आणि पुष्कळदा एकमेकांच्या शेजारून बोलत राहतात.

धोका नेमका कोणता

वाद समजून घेण्यासाठी धक्का आणि आर्क या दोन धोक्यांची फारकत करणे आवश्यक आहे, कारण एकावरचा उपाय दुसऱ्यावर लागू पडत नाही आणि चर्चेत मात्र दोन्ही सर्रास एकत्र केले जातात.

अमेरिकी घरात येणारी वीज १२०/२४० व्होल्टची असते: दोन फेज तारांपैकी कोणतीही एक आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट, तर दोन फेज तारांमध्ये २४० व्होल्ट. १२० व्होल्ट म्हणजे सौम्य वीज असा समज तेथे रूढ आहे, तो मात्र शरीरशास्त्राला धरून नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅलझील यांनी १९४० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासातून असे दिसले की साधारण १० ते १६ मिलिअँपिअर प्रवाह हातातून वाहू लागला की स्नायू आखडतात आणि माणसाला धरलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या काही पटींनी अधिक प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. घामेजलेल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला तर १२० व्होल्टला १२० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे घातक मर्यादा सहज गाठली जाते. याच डॅलझील यांनी १९६१ मध्ये जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन शोधले, जे ४ ते ६ मिलिअँपिअरलाच वीज तोडते आणि ज्याचे भाऊबंद भारतात आरसीसीबी म्हणून अनेक घरांत दिसतात. हे साधन त्याच्या पुढच्या तारांचे रक्षण करते, पॅनेलच्या मुखाशी असलेले लग त्याच्या मागे पडतात. तेथे चुकून बोट लागले तर तपासनिसाच्या मदतीला कोणतेही स्वयंचलित संरक्षण येत नाही.

दुसरा धोका 'आर्क फ्लॅश'चा. दोन फेज तारांमध्ये, किंवा फेज आणि धातूच्या पेटीमध्ये, एखादी वाहक वस्तू आडवी आली की शॉर्ट सर्किट होते, ती वस्तू क्षणात वितळून तिची वाफ होते आणि त्या तप्त वायूतूनच प्रवाह वाहू लागतो. अशा ज्वाळेच्या गाभ्याचे तापमान सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, आणि त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी उष्णता पोचली तरी फोड येण्याइतके भाजते असे मानले जाते. घरातील पॅनेलमध्ये अशा दुर्घटनेचे निमित्त क्षुल्लक असते: जड झाकण हातातून निसटून त्याची कड लगवर टेकते, स्क्रू आत पडतो, स्क्रूड्रायव्हर घसरतो, किंवा पूर्वी कोणीतरी बोथट टोकाच्या ठरावीक स्क्रूऐवजी अणकुचीदार स्क्रू पिळून एखाद्या तारेचे आवरण आधीच भेदलेले असते आणि तो स्क्रू फिरवताच ठिणगी उडते. शेवटच्या प्रकारात तपासनिसाची काही चूक नसते, आणि झाकण बंद असताना हा दोष बाहेरून कळूही शकत नाही.

घरगुती दाबावर असा आर्क टिकून राहतो का, याविषयी मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. आर्कची उष्णता मोजण्यासाठी अभियंते ज्या 'आयट्रिपलई १५८४' मार्गदर्शिकेचा आधार घेतात, तिच्या २००२ च्या आवृत्तीने २४० व्होल्टखालील आणि लहान रोहित्रावरील जोडण्यांचा विचार सहसा करावा लागत नाही अशी मुभा दिली होती. २०१८ च्या आवृत्तीने ही मुभा आवळली आणि २४० व्होल्ट किंवा त्याखालील त्रिफेज व्यवस्थेत संभाव्य शॉर्ट सर्किट प्रवाह २००० अँपिअरपेक्षा कमी असेल तर आर्क टिकण्याची शक्यता कमी असते, अशक्य नसते, अशी भाषा वापरली. संपूर्ण गणित त्रिफेज व्यवस्थेचे असल्याने अमेरिकी घराच्या एकफेज पॅनेलला ते सरळ लावता येत नाही, आणि अनेक घरांत संभाव्य प्रवाह २००० अँपिअरच्या कितीतरी वर असतो. घरगुती ब्रेकर १०,००० अँपिअरचा शॉर्ट सर्किट प्रवाह तोडण्यास सक्षम असावा ही अपेक्षा काही उगीच ठेवलेली नाही.

७०-ई प्रमाणातील एक तक्ता २४० व्होल्टपर्यंतच्या पॅनेलसाठी सर्वांत खालच्या वर्गाची, म्हणजे ४ कॅलरी उष्णता सोसणारी वस्त्रे पुरेशी मानतो आणि आर्कची धोक्याची सीमा सुमारे ४८ सेंटिमीटर धरतो. त्याला दोन अटी आहेत: संभाव्य प्रवाह २५,००० अँपिअरपेक्षा जास्त नसावा आणि दोष ०.०३ सेकंदात तोडला जावा. मुख्य ब्रेकरच्या पुढे झालेला दोष तो ब्रेकर इतक्या त्वरेने तोडू शकतो. ब्रेकरच्या अलीकडे, लगपाशी झालेला दोष तोडणारे साधन म्हणजे थेट वीज कंपनीच्या रोहित्रावरचा फ्यूज, जो माणसाच्या नव्हे तर रोहित्राच्या संरक्षणासाठी बसवलेला असतो आणि वेळ घेऊ शकतो. ज्या जागी तपासनिसाला सर्वाधिक धोका आहे, नेमक्या त्याच जागी तक्त्याची अट पाळली जाईल याची हमी नाही, ही बाब दोन्ही बाजूंच्या लेखनात जितकी ठळक यायला हवी तितकी येत नाही.

झाकण उघडावे, असे मानणारा पक्ष

ॲशीच्या प्रमाणानुसार तपासनिसाने मुख्य पॅनेल आणि उपपॅनेल यांच्या आतील भागांची पाहणी करणे अपेक्षित आहे. या पक्षाचे म्हणणे असे की वीजव्यवस्थेतील आग लावणारे दोष बहुतेक झाकणामागेच दडलेले असतात, आणि झाकण न काढता दिलेला अहवाल ग्राहकाला खोटा दिलासा देतो. त्यांनी मांडलेली दोषांची यादी वजनदार आहे: एका तारेसाठी केलेल्या टोकाखाली दोन तारा कसणे, १५ अँपिअर सोसणाऱ्या १४ गेजच्या तांब्याच्या तारेवर २० किंवा ३० अँपिअरचा ब्रेकर बसवणे, ज्यामुळे ब्रेकर पडण्यापूर्वी तारच तापते, उपपॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडणे, ज्यामुळे पेट्या आणि पाइप यांच्यातून प्रवाह परत वाहतो, बाहेरच्या केबलमधून झिरपलेल्या पाण्याने गंजलेले बसबार, उंदरांनी केलेली घरटी, आणि करपून काळे पडलेले तारांचे आवरण. साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबे महाग झाल्याने अनेक घरांत शाखांसाठी ॲल्युमिनियमच्या तारा वापरल्या गेल्या, ज्यांचे सांधे कालांतराने सैल पडून तापतात. त्या ओळखण्याची सर्वांत सोपी जागाही पॅनेलच आहे.

या पक्षाकडून हमखास दिले जाणारे दुसरे उदाहरण फेडरल पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या 'स्टॅब-लॉक' पॅनेलांचे. त्यांचे ब्रेकर जादा प्रवाहाला पडत नाहीत अशा तक्रारींवरून ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने केलेली चौकशी १९८३ मध्ये ठोस निष्कर्षाविना थांबली, तरी तपासनीस आजही ही पॅनेले बदलण्याची शिफारस करतात. तथापि या पॅनेलचे नाव आणि ब्रेकरांची घडण साधे दार उघडले तरी बहुधा ओळखता येते, शिवाय त्यातले सैल बसलेले ब्रेकर झाकण काढताना हलण्याची भीती असते. त्यामुळे हे उदाहरण झाकण उघडण्याच्या बाजूने जितके बोलते असे समजले जाते, तितके ते बोलत नाही.

अनुभवाचा मुद्दाही मांडला जातो. वर्षाला शेकडो पॅनेले उघडणाऱ्या तपासनिसाचे हात सरावलेले असतात, तो आत काहीही खुपसत नाही, स्पर्श करत नाही, फक्त पाहतो आणि छायाचित्र घेतो. तेव्हा त्याची तुलना चालू तारांवर काम करणाऱ्या वीजतंत्रीशी करणे अन्यायाचे आहे, असे या पक्षाला वाटते.

उघडू नये, असे मानणारा पक्ष

इंटरनाचीच्या प्रमाणात पॅनेलचे झाकण किंवा डेड फ्रंट काढणे, पॅनेलमध्ये कोणतेही उपकरण घालणे आणि ब्रेकर चालू-बंद करणे ही कामे तपासनिसावर बंधनकारक नाहीत असे स्पष्ट म्हटले आहे. ही मनाई नव्हे, सूट आहे. त्या संघटनेचे अनेक सदस्य झाकण काढतात. सूट का दिली, याचे समर्थन मात्र या पक्षाने पुढे बरेच विस्तारले आहे.

त्यांचा पहिला आधार ओशाची 'पात्र व्यक्ती' ही संकल्पना. विद्युत उपकरणांची रचना, त्यांचे चालणे आणि त्यांतील धोके यांचे प्रशिक्षण घेतलेली व ते कौशल्य दाखवून दिलेली व्यक्तीच उघड्या जिवंत भागांजवळ जाऊ शकते, आणि एखादी व्यक्ती एका उपकरणासाठी पात्र तर दुसऱ्यासाठी अपात्र असू शकते. गृहतपासनिसाच्या परवान्यासाठी लागणारे शिक्षण साऱ्या घराला स्पर्श करणारे असल्याने विजेच्या वाट्याला त्यातले थोडेच तास येतात. केवळ तेवढ्यावर तो पात्र ठरतो असे म्हणणे धाडसाचे आहे. दुसरा आधार ७०-ई मधील अंतरांचा. उघड्या जिवंत भागापासून विशिष्ट अंतराच्या आत फक्त पात्र व्यक्तीने, संरक्षक साधनांसह जावे असे हे प्रमाण सांगते, आणि २४० व्होल्टसाठी ते अंतर १ फूट म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर आहे. नुसत्या डोळ्यांनी किंवा औष्णिक कॅमेऱ्याने केलेल्या पाहणीला प्रमाणाने लेखी परवान्यातून सूट दिली आहे खरी, पण ती सीमा न ओलांडण्याच्या अटीवर. झाकण काढून झाल्यावर दूर उभे राहून पाहणे या सुटीत बसते. झाकण काढण्याची कृती बसत नाही, कारण झाकण सरकते त्या क्षणी आतले भाग उघडे होतात आणि हात त्यांच्यापासून काही इंचांवर असतो. विरोधी पक्षाने 'फक्त पाहतो' असा जो युक्तिवाद केला, त्याला मिळालेले हे सर्वांत नेमके उत्तर म्हणावे लागेल.

तिसरा आधार घरमालकाचा. घर अजून विक्रेत्याचे असते, त्यात तो राहत असतो. वर्षानुवर्षे न हललेला ब्रेकर पाहणीच्या धक्क्याने पडला आणि पुन्हा बसला नाही, किंवा घरात ऑक्सिजनचे यंत्र चालू असताना वीज गेली, तर तपासनिसावर उत्तरदायित्व येते. यापेक्षा पॅनेल उघडले नाही हे अहवालात नोंदवून परवानाधारक वीजतंत्रीकडून स्वतंत्र पाहणीची शिफारस करावी, असा या पक्षाचा सल्ला आहे. त्यावर प्रतिपक्षाचा आक्षेप असा की करारातील पाहणीची मुदत थोडक्या दिवसांची असते, दुसऱ्या पाहणीचा खर्च ग्राहक टाळतो, आणि शिफारस कागदावरच राहते.

व्यवहारात रूढ झालेली मधली वाट

प्रत्यक्षात बहुतेकांची वाट या दोहोंच्या मधली आहे, आणि दोन्ही संघटनांना ती मान्य होण्याजोगी आहे, कारण धोकादायक वाटेल ती कृती न करण्याचा अधिकार ॲशीच्या प्रमाणातही तपासनिसाला आहे. प्रश्न 'उघडायचे की नाही' एवढाच न राहता 'हे पॅनेल, आज, या जागी उघडायचे का' असा होतो. पॅनेलसमोर ३६ इंच खोल आणि ३० इंच रुंद मोकळी जागा असावी असे अमेरिकी विद्युत संहिता सांगते. कपाटात, कपड्यांच्या ढिगामागे किंवा ओल्या तळघरात असलेले पॅनेल म्हणूनच आधीच वगळले जाते. गुणगुण, जळका वास, गंज, गरम झालेले दार किंवा वाकलेले झाकण ही न उघडण्याची आणखी कारणे, आणि ती स्वतःच अहवालात नोंदवण्याजोगी.

उघडायचे ठरले तर खबरदारीचा क्रम बराचसा सर्वमान्य आहे. घड्याळ, अंगठी आणि ओळखपत्राची लोंबती दोरी काढून ठेवणे. ग्राहकाला आणि विशेषतः मुलांना काही हात दूर उभे करणे. पेटीला हात लावण्यापूर्वी ती स्वतः जिवंत नाही ना हे पाहणे. चष्मा, सुती किंवा ज्वालारोधक कपडे घालणे, कृत्रिम धाग्यांचे टाळणे, कारण ते वितळून त्वचेला चिकटतात. स्क्रू काढताना चेहरा पॅनेलच्या समोर न ठेवता बाजूला ठेवणे, शेवटचा स्क्रू काढण्यापूर्वी झाकणाला आधार देणे आणि झाकण खाली न घसरवता सरळ स्वतःकडे ओढणे. परत बसवण्याचा क्षण काढण्याइतकाच धोक्याचा असतो, कारण तोपर्यंत लक्ष अहवालाकडे गेलेले असते आणि वाकलेली एखादी तार झाकणाच्या कडेखाली चेपली जाऊ शकते.

मतभेद उरतात ते साधनांविषयी. हाताची मागची बाजू पेटीला लावून पाहण्याची जुनी सवय धक्का लागला तर हात आपोआप मागे येतो या तर्कावर उभी आहे, पण धक्का लागू देणे हीच चाचणी मानणे आता बहुतेकांना पटत नाही. स्पर्श न करता वीज ओळखणारा पेन सोयीचा असतो, मात्र तो कधीकधी जिवंत भागालाही गप्प राहतो. म्हणून तो वापरण्यापूर्वी आणि नंतरही ज्ञात चालू जागेवर तपासून घ्यावा लागतो. भारतात वायरमनच्या खिशात असणाऱ्या निऑन दिव्याच्या टेस्टरवरही हाच आक्षेप आहे. रबरी हातमोज्यांत ५०० व्होल्टपर्यंत चालणारा वर्ग पुरेसा असला तरी त्यांवर चामडी मोजे चढवावे लागतात आणि कामगार-नियमांनुसार दर ६ महिन्यांनी त्यांची विद्युत चाचणी करावी लागते. जाड दुहेरी मोज्यांत बारीक स्क्रू हातातून निसटतो आणि त्यातूनच नवा धोका उद्भवतो, ही तपासनिसांची तक्रार निराधार नाही.

औष्णिक कॅमेरा हा तोडगा मधूनमधून सुचवला जातो. झाकण न काढता तो ब्रेकरांच्या मुठींवरची अस्वाभाविक उष्णता दाखवतो, पण धातूच्या झाकणाआडचे त्याला दिसत नाही, आणि रिकाम्या घरात वीज वापरली जात नसेल तर सैल सांधाही थंडच राहतो.

ब्रिटन आणि महाराष्ट्र

इतर देशांत प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला गेल्याने त्याची उत्तरेही निराळी आहेत. ब्रिटनमध्ये १९८९ च्या 'इलेक्ट्रिसिटी ॲट वर्क' नियमांतील १४ वा नियम जिवंत वाहकाजवळचे काम अपवाद मानतो: वीज बंद करणे अवाजवी असेल, जिवंत असताना काम करणे वाजवी असेल आणि इजा टाळण्याची पुरेशी खबरदारी घेतली असेल, तरच ते करावे. तेथे घर घेताना येणारा सर्वेक्षक वीजव्यवस्था फक्त बाहेरून पाहतो, पेटी उघडत नाही. उघडून चाचण्या करण्याचे काम वीजतंत्रीच्या वेगळ्या अहवालाचे असते, आणि इंग्लंडमधील भाड्याच्या घरांसाठी तो अहवाल निदान दर ५ वर्षांनी घेणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. अमेरिकेने एकाच माणसावर सोपवलेले काम ब्रिटनने दोघांत विभागले, त्यामुळे तेथे वाद फारसा उद्भवलाच नाही. खरेदीच्या घराला मात्र असा अहवाल सक्तीचा नाही, म्हणजे अमेरिकी पहिला पक्ष ज्या त्रुटीकडे बोट दाखवतो ती तेथेही शिल्लक आहे.

महाराष्ट्रात खरेदीपूर्व गृहतपासणी अलीकडे पुणे-मुंबईकडे दिसू लागली आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत आढळलेले बांधकामातील व सेवांतील दोष विकासकाने दुरुस्त करून द्यावेत या स्थावर संपदा कायद्यातील तरतुदीने तिला निमित्त पुरवले. वीजकामासाठी राज्याचा परवाना लागतो, गृहतपासनिसासाठी मात्र तशी स्वतंत्र परवानापद्धती नाही. भारतातील जुन्या १९५६ च्या वीज नियमांपासून अधिकृत केलेल्या आणि सुरक्षेची साधने घेतलेल्या व्यक्तीशिवाय कोणी जिवंत तारांवर काम करू नये असा दंडक आहे. सदनिकांच्या बाबतीत येथील रचना अमेरिकेपेक्षा अनुकूल ठरते, कारण मीटर तळमजल्याच्या मीटर खोलीत असतात आणि तेथील कटआउट किंवा मेन स्विच बंद केला की सदनिकेतील डीबीचा बाहेरून येणारा पुरवठा पूर्णपणे तुटतो. जिवंत लगचा अमेरिकी पेच येथे उरत नाही. तरीही मीटरवरचे पुसट झालेले सदनिका क्रमांक चुकीचा मेन बंद करवू शकतात, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद होताच तो चालू होऊन डीबीतील काही शाखांना वीज पुरवू लागतो. अमेरिकेत छतावरील सौरपट, साठवणुकीच्या बॅटऱ्या आणि जनरेटर यांनी हाच प्रश्न नव्याने उभा केला आहे, म्हणजे एका बाजूने वीज बंद केली म्हणून पॅनेल मृत झाले असे धरता येत नाही.

काय अनिर्णित आहे

पहिली अडचण आकड्यांची. अमेरिकी श्रम-सांख्यिकीत गृहतपासनीस 'बांधकाम व इमारत निरीक्षक' या मोठ्या गटात मिसळलेले आहेत, आणि कामावरील दुखापतींचे वार्षिक सर्वेक्षण स्वयंरोजगारी व्यक्तींना मोजत नाही. गृहतपासनिसांत एकट्याने व्यवसाय करणारे पुष्कळ असल्याने पॅनेल उघडताना बसलेले प्राणघातक नसलेले चटके-धक्के अधिकृत नोंदीत येतच नाहीत. 'कधी कोणाला काही झाले नाही' आणि 'हे फार धोक्याचे आहे' ही दोन्ही विधाने अशा स्थितीत अनुभवकथनाच्या पातळीवर राहतात.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती पहिलीशी जोडलेली आहे. ओशाचे नियम मालक-कर्मचारी नात्याला लागू होतात. मोठ्या तपासणी संस्थेत नोकरी करणारा तपासनीस त्यांच्या कक्षेत येतो, त्याच रस्त्यावरच्या पुढच्या घरात तेच काम करणारा एकटा व्यावसायिक येत नाही. ७०-ई हे ऐच्छिक प्रमाण असून खटल्यात ते पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. परंतु ज्या राज्याचा परवाना-नियम पॅनेलच्या आतल्या पाहणीची अपेक्षा ठेवतो तेथे कर्मचारी तपासनिसाने राज्याचा नियम आणि केंद्राची सुरक्षा-अट यांचा मेळ कसा घालावा, हे कोणीच नीट सांगितलेले नाही. या दोहोंत खरा विरोध नाही, पुरेसे प्रशिक्षण आणि साधने दिली की दोन्ही पाळता येतात, असे एक मत आहे आणि तर्काच्या दृष्टीने ते टिकते. मात्र ते प्रशिक्षण किती आणि कोणी द्यायचे, हा प्रश्न त्याने फक्त पुढे ढकलला जातो.

तिसरी, एकफेज घरगुती पॅनेलमधील आर्कच्या गणिताची, वर आलीच आहे. ती सुटली तर संरक्षक वस्त्रांचा वाद निम्मा मिटेल.

दरम्यान पॅनेलची रचनाच बदलत आहे, आणि वादावर सर्वाधिक परिणाम करील अशी घडामोड बहुधा हीच आहे. अमेरिकी विद्युत संहितेच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी मुख्य ब्रेकरच्या मीटरकडील उघड्या लगला चुकून स्पर्श होऊ नये अशी आडकाठी बसवणे आवश्यक केले, आणि २०२० च्या आवृत्तीने एक-दोन कुटुंबांच्या घरांना बाहेरून हाताशी येईल असे आपत्कालीन वीजतोड साधन असावे असे सांगितले. दुसरी तरतूद मुख्यतः आगीच्या वेळी येणाऱ्या बचाव पथकांसाठी आहे, पण जेथे ते साधन बाहेर बसते तेथे आतले पॅनेल पूर्ण बंद करणे शक्य होते. २०२३ च्या आवृत्तीने जुन्या घरातील मुख्य वीजसाधने बदलली जातील तेव्हाही ही अट लागू केली. संहिता राज्याराज्यांत वेगवेगळ्या वेळी स्वीकारली जाते आणि जुन्या घरांवर मागे जाऊन लादली जात नाही, त्यामुळे हा बदल लक्षावधी पॅनेलांपर्यंत पोचायला दशके लागतील. शिवाय लोक राहत असलेल्या घराची वीज पाहणीसाठी तोडण्याचा अधिकार तपासनिसाला कोणत्याही संघटनेने दिलेला नाही, आणि बाहेर बसवलेल्या त्या नव्या पेटीतही मीटरकडून आलेले लग आहेतच. ती पेटी कोणी उघडून पाहायची, याची चर्चा व्यवसायात अद्याप सुरू व्हायची आहे.